जावईबापूंनी माझ्या गाडीला पाजलेली गार हवा

तीर्थस्वरूप दादास,

सादर नमस्कार. (गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, वाकले असे समजावे.) तुझा खोकला, वहिनीचे ब्लडप्रेशर आणि शेजाऱ्याशी चाललेला तुमचा कुंपणाचा वाद, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. मी ठणठणीत आहे, आणि त्यात तुझा काडीचाही हात नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

जावईबापूंच्या वाढदिवसाला तू पाठवलेले खोके पोचले. चार घरचे मामा भाचजावयाला शर्ट पाठवतात. तू पाठवलीस कोपरातून वाकलेल्या हातासारखी एक चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला लावायचे लाल, आइस्क्रीमच्या कोनासारखे फिल्टर. मला समजावण्यात आले, की बॉनेटखालच्या उकाड्यातली हवा ओढणारा मूळचा काळा डबा काढायचा आणि त्या जागी ही नळी बसवायची. मग इंजिनाला बाहेरची गार हवा मिळते, गार हवा दाट असते, आणि गाडीत जोर येतो. शास्त्र मला पटले. पटले नाही ते एवढेच, की हा जोर माझ्या गाडीत यायचा होता. त्यांची स्वतःची गाडी नवी आहे, तिला हात लावला तर वॉरंटी जाते. सासूच्या गाडीला वॉरंटी नाही. (सासूला तर नाहीच.)

बरे, मुहूर्त काढला तो रविवारचा, आणि सोमवारी सकाळी माझी परीक्षा. आमच्या वयाच्या माणसाला परवाना पुढे चालू ठेवायचा तर परीक्षकाला शेजारी बसवून आपलीच गाडी चालवून दाखवावी लागते. गाडी हजर नाही, तर परवाना गेला. तुझ्या भाचीला तो गेलेला हवाच आहे. आम्ही नेऊ ना तुला, असे ती फार प्रेमाने म्हणते. नेतील, यात शंका नाही. त्यांच्या सवडीने, त्यांच्या रस्त्याने, आणि मला मागच्या सीटवर पिशव्यांशेजारी बसवून. लायब्ररीतले पुस्तक बदलायला दोन माणसांची मर्जी सांभाळावी लागेल. म्हणून मी अंगणात खुर्ची टाकली, विणकाम आणि खोक्यातली माहितीपुस्तिका मांडीवर घेतली आणि पहारा सुरू केला.

जावईबापू गाडी बाजारातून फिरवून आले आणि तसेच बॉनेट उघडून आत शिरले. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे, ही पहिलीच सूचना मी मोठ्याने वाचेपर्यंत त्यांचे मनगट भाजून झाले होते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी, हे वाचले तेव्हा हातातला पाना बॅटरीपासून वीतभर अंतरावर होता. वायर सोडवली. मग हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग ते दात काढल्यासारखा ओढू लागले, तेव्हा त्याची खिट्टी दाबायची असते एवढेच मी म्हटले, तर ताठ उभे राहून म्हणाले, "आई, आता मी सांगेपर्यंत तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही."

दादा, तू मुलांच्या शाळेत शिकलास, तुला कल्पना नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये बोलू नका म्हणजे बोलू नका. छत कोसळत असले तरी आधी हात वर. मी पुस्तिका मिटली.

डबा निघाला. इंजिनाचे तोंड उघडे पडले, त्यात स्क्रू पडू नये म्हणून त्यांनी कापडाचा बोळा कोंबला. हे अगदी बरोबर होते, श्रेय देते. (कापड म्हणजे माझ्या खुर्चीच्या हातावरचा रुमाल. न विचारता घेतला. मला विचारणे शक्यच नव्हते, मी मौनात होते.) तेवढ्यात मित्राचा फोन आला. अश्वशक्तीवर बरीच चर्चा झाली. परत आले, नळी चढवली, पट्ट्या आवळल्या, प्लग लावला, बॅटरी जोडली, आणि नळी तीत स्वतःचे तोंड दिसेपर्यंत पुसली. रुमाल आतच.

गाडी खोकली आणि मेली. पुन्हा खोकली, पुन्हा मेली. मग निदाने सुरू झाली: सेन्सर खराब, पेट्रोल भेसळीचे, गाडीच म्हातारी. मी एक बाही विणून संपवत आणली. एका बाजूला माझा परवाना, दुसऱ्या बाजूला माझे मौन. खरे सांगते, मौन जड भरत होते. तेवढ्यात तुझी भाची चहा घेऊन आली आणि म्हणाली, "राहू दे गं आई उद्याची परीक्षा. एका अर्थी बरंच झालं."

मी हात वर केला.

जावईबापू म्हणाले, काय झाले. ही परवानगी नव्हे. मी हात तसाच ठेवला. शेवटी लेकच वैतागली. "अरे, बोला म्हण तिला."

"बोला," ते म्हणाले.

"माझा रुमाल," मी म्हणाले.

त्यानंतर काम मुकाट्याने झाले. बोळा निघाला, पट्ट्या पुन्हा आवळल्या, फिल्टर खाली रस्त्यावरचे पाणी ओढील असे लोंबत नाही ना हे मी चष्मा लावून पाहिले, आणि गाडी अशी काही गरजली की समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्या. सोमवारी परीक्षकाने पूर्ण वेळ दाराची मूठ धरली होती, पण चूक एकही काढता आली नाही. परवाना मिळाला. तुझ्या कृपेने नव्हे, तुझ्या कृपेला पुरून उरून. यापुढे या घरात शर्टच पाठवावा ही विनंती.

वहिनीला नमस्कार.

तुझी संतापलेली धाकटी बहीण

ता. क. काल तलावाजवळच्या चढावर पुढे जावईबापूंची नवी गाडी चालली होती. मी तिला मागे टाकले. हे कोणाला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. त्याच कंपनीचा एक जाड सायलेन्सर निघाला आहे असे कळते. तो धाड. खोक्यावर नाव मात्र जावईबापूंचे घाल. मला भेट आली तर तुझी भाची ती आल्या पावली परत पाठवील. त्यांना आली, तर टॉर्च धरून शेजारी उभी राहील.