ओसरी सारवायची नाही

२ एप्रिल
आज राजूरजवळच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले. देवळाली प्रवराच्या उसात वाढलेली मी. इथले डोंगर बघता बघता मान दुखली, पण जीव खूश झाला. खोली रतनबाईंच्या घरात मिळाली. बाई साठीच्या, एकट्या राहतात, तोंड फटकळ आणि मन लोण्याचं. सुमैरा शेख असं नाव सांगताना मी जरा बिचकले होते, तर त्यांनी एवढंच विचारलं की चहाला साखर किती. मुलगा कानिफनाथ फौजेत आहे, सीमेवर. घर आरशासारखं लख्ख, फक्त पुढची ओसरी तेवढी भेगाळलेली, धुळीने भरलेली. असेल काही कारण.

५ एप्रिल
रतनबाई सकाळीच भंडारदऱ्याला बहिणीकडे गेल्या. त्यांचे गुडघे धरलेत, म्हणून ओसरी राहिली असणार, असं मी आपलं ठरवून टाकलं. ओढणी खोचली, शेण कालवलं आणि आजीने शिकवलं होतं तशी ओसरी सारवून काढली. शहाणपण उतू चाललं होतं माझं.

संध्याकाळी रतनबाई आल्या आणि अंगणातच बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग हळूहळू सांगितलं. त्यांच्या घरातला मुलगा फौजेत निघाला की आई ओसरी सारवते आणि तो बूट हातात घेऊन, ओल्या सारवणावरून अनवाणी बाहेर पडतो. ती पावलं तशीच वाळतात. तो परत येईपर्यंत तिथं ना झाडू लागत, ना शेण. कानिफनाथच्या डाव्या पायाला करंगळी नाही, लहानपणी विळ्याने गेली. रतनबाई रोज त्या पावलाशी दोन शब्द बोलायच्या. ते मी पुसलं.

"तुला काय ठावं, पोरी. ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

९ एप्रिल
सीमेपलीकडून आलेल्यांनी आपल्या बाजूच्या एका बाजारात सतरा माणसं गोळ्या घालून मारली. गावातल्या छगनच्या दुकानात आज एकच सूर होता, पलीकडची गावंच्या गावं उडवून द्या.

कानिफनाथचा फोन माझ्या मोबाईलवर आला, कारण रतनबाईंच्या फोनला इथं रेंज नसते. डोंगरावर बसून दुर्बिणीतून तोफांना नेम सांगायचा, हे त्याचं काम. कुठे, कधी, ते काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, की होईल ते फक्त त्या मारेकऱ्यांच्या अड्ड्यावर होईल. मध्ये गावातलं माणूस दिसलं तर थांबायचं, असा हुकूम आहे. रतनबाई म्हणाल्या, "आड्ड्यापाशी झरा आसंल, बाया पान्याला येत आसतील. बघून कर, बाबा." ओसरीचं मात्र त्याला सांगितलं नाही त्यांनी.

१३ एप्रिल
कारवाई झाली. अड्डा गेला, वस्तीला धक्का लागला नाही, असं बातम्यांत सांगितलं. रतनबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

दुपारी त्या पाण्याला गेल्या असताना ओसरीच्या कडेला एक पाऊल दिसलं. सारवण वाळून आठवडा झाला, तरी चांगलं रुतलेलं, ओलं. डावं. करंगळी नाही. आत येणारं. भर उन्हात तासभर बघत बसले, वाळलं नाही.

१४ एप्रिल
कानिफनाथच्या सोबत्याचा फोन आला, सुनील नाव. नेम ठरला तेव्हा अड्ड्याशेजारी एक बाई हंडा घेऊन आली. कानिफनाथने थांबा असं कळवलं. ती पाणी भरून वर जाईपर्यंत वीस मिनिटं सगळे थांबले. मग मारा झाला आणि अड्डाच तेवढा गेला. पण त्या वीस मिनिटांत पलीकडच्यांना त्याची जागा समजली होती.

कानिफनाथ गेला.

अधिकारी दोन-तीन दिवसांत पोचतील, तोवर आईंना तुम्ही सांभाळून सांगा, ताई, असं सुनील म्हणाला. मी सांगितलं नाही. बघून कर, असं त्याच म्हणाल्या होत्या. कोणत्या तोंडाने सांगू?

पावलं तीन झालीत.

१५ एप्रिल
रतनबाईंनी पावलं पाहिली. घाबरल्या नाहीत, हसल्या. पोरगं रजेवर निघालं म्हणतात. पुरण शिजायला टाकलंय.

पावलं त्यांच्या खोलीकडे वळत नाहीत. माझ्या दाराकडे येतायत.

दुपार
उंबऱ्यावर. दोन्ही पावलं जुळवून. उभा आहे. दार लावलं, तर ओल दाराखालून आत—

मला कळतंय तो काय मागतोय. मला कळतंय. पण माझी जीभ—

१६ एप्रिल
सांगितलं. सगळं. हंडा, वीस मिनिटं, सगळं.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग विचारलं, ती बाई घरी पोचली का. पोचली, मी म्हणाले.

"मंग बरं झालं. तिची बी कुनी वाट बघत आसंल."

त्यानंतर फुटल्या. मला पोटाशी धरून रडल्या आणि रडता रडता मलाच थोपटत होत्या.

उंबरा कोरडा आहे. पावलं नाहीत.

१७ एप्रिल
रतनबाई उठल्या नाहीत. नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. हात गार—

ओसरी सारवलेली आहे. ओली. मी नाही सारवली.

दोन जोड्या पावलं. एक करंगळी नसलेली. एक लहान, टाचा भेगाळलेल्या. शेजारी शेजारी. बाहेर जाणारी.

फाटकाशी जीप. अधिकारी आलेत. आत येऊ का विचारतायत. मी खिडकीतून ओरडले, थांबा, ओसरीवर पाय ठेवू नका—

त्यांना वाटतंय आई आत आहे. हे खिडकीतून ओरडून कसं सांगू, बाहेर जायलाच हवं. ओसरीवाचून दुसरी वाट नाही. पावलं एकदा पुसली मी. आता पुन्हा माझ्याच पायांनी—

ते टोप्या काढून उभे आहेत. थांबलेत. वही ठेवते आणि पाय उचलते.