कॅमेऱ्याच्या मागे

जुलै ४

आलो एकदाचे! होबार्टहून निघाल्यापासून डॅडनं जी कुरकुर लावली होती, ती क्वीन्सटाउनचे बोडके डोंगर दिसल्याबरोबर थांबली. मग इथल्या जुलैतल्या हिवाळ्याची पर्वा न करता काच खाली करून प्रत्येक डोंगराला नावानं हाक. त्याचा जन्म इथेच गेला. तांब्याच्या खाणीतली पाळी संपली, की घरी यायच्या ऐवजी हा डोंगरावर. आई म्हणायची, लग्न माझ्याशी केलंय आणि संसार डोंगराशी. आता दोन्ही खुबे निकामी झालेत. वॉकर ढकलत घरातल्या घरात फिरतो, तेवढंच.

घर भाड्याचं, लाकडी, पावसात सगळीकडून करकरणारं. पण शेगडी झकास आहे आणि डॅडच्या खोलीच्या खिडकीत अख्खा डोंगर आहे. मला होबार्टच्या एका छोट्या गेम कंपनीत नोकरी लागलीय, घरी बसून करायची. त्यांचा नवा गेम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या फुकट प्रणालीवर, नीट चालतो का, ते बघायचं. डॅड म्हणाला, एवढी शिकलीस आणि पगार कशाचा, तर चित्र का हललं ते सांगायचा! मी म्हटलं, हो, आणि त्याच पगारातून तुझी बिअर येते, तेव्हा गप बस.

माझा जुना संगणक त्याच्या खोलीत लावून दिलाय. त्याच्यावरही लिनक्सच. माझ्या घरात दुसरं काही चालणार नाही.

जुलै ७

गेमचं नाव ठरायचंय, आम्ही नुसतं ‘डोंगर’ म्हणतो. मारामारी नाही, शत्रू नाही, माणूस म्हणून एकही नाही. इथल्याच पश्चिम किनाऱ्यासारखे डोंगर, बटनग्रास नावाच्या गवताची माळरानं, काळ्या पाण्याची तळी, आणि चालायचं. बस. डॅडच्याही संगणकावर टाकून दिला. पहिल्या दिवशी तो नाक मुरडत बसला आणि जेवणाची हाक मारली तरी उठेना. पाय मिळाले गं परत, म्हणाला. मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

बिघाड मात्र ढीगभर. काल आकाश गुलाबी होतं, आज गवताच्या फिती होऊन आभाळात गेल्या. दोष ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे गेम आणि पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुभाषा. गेम म्हणतो गवत काढ, दुभाषा ते कार्डाला त्याच्या भाषेत सांगतो. लिनक्सवर हा दुभाषा जगभरातले हौशी लोक फुकटात लिहितात आणि रोज सुधारतात. त्यामुळे नवा गेम आला, की पहिले काही आठवडे तो काहीबाही बरळतो. आमच्या कार्डाचा भाग फिनलंडमधला ओस्मो नावाचा एक बुवा सांभाळतो. मी बिघाड कळवते, तो दोन शब्दांत उत्तर देतो आणि नवी आवृत्ती पाठवतो. मला आवडतो तो माणूस.

डॅडनं विचारलं, मी पुढे बघतोय तेव्हा माझ्या मागचा डोंगर कुठे असतो? मी सांगितलं, हिशेबात असतो, पण कार्ड तो काढत नाही. कॅमेऱ्याच्या, म्हणजे गेममध्ये आपण जिथून बघतो त्या जागेच्या, मागचं काढायचं कशाला, बघणार कोण? मान वळवलीस, की तेवढ्यापुरतं काढून देतं. त्याला ते मुळीच पटलं नाही. म्हणाला, खाणीत असं काम केलं असतं तर हाकलून दिलं असतं.

जुलै १०

डॅड न्याहारीला म्हणाला, गेममधला तो दुसरा गडी कोण? मी म्हटलं, गडीबिडी कोणी नाही. तर म्हणाला, पलीकडच्या डोंगराच्या धारेवर उभा असतो की रोज, मी हात केला तर बघतही नाही, शिष्ट मेला.

जाऊन पाहिलं. खरंच आहे. धारेवर एक काळी उभी आकृती. माझ्याही पडद्यावर, त्याच जागी. मुख्य चित्रकाराला विचारलं, त्यानं शपथेवर सांगितलं की असं काही बनवलेलंच नाही. आमची प्रमुख ब्रॉनविन म्हणाली, विंडोजवर दिसत नाही, म्हणजे तुझा तो लाडका ड्रायव्हर. कुजकट हसलीसुद्धा. आता मी हे शोधून काढल्याशिवाय सोडणार नाही.

जुलै १२

चूक केव्हा शिरली ते शोधायची आमची एक रीत आहे. ड्रायव्हरची नीट चालणारी जुनी आवृत्ती घ्यायची, बिघडलेली नवी घ्यायची आणि बरोबर मधली लावून बघायची. मधली बिघडलेली निघाली, तर चूक आधीची. नीट निघाली, तर नंतरची. असं अर्धं-अर्धं करत गेलं, की नेमका कुणाचा हात लागला ते सापडतं. आजवर मला या रीतीनं कधी दगा दिलेला नाही.

आज नीट आवृत्ती सापडलीच नाही. मी मागे मागे गेले. गेम ज्याच्यावर जेमतेम उघडतो, अशा जुन्यात जुन्या ड्रायव्हरपर्यंत. तिथेही तो होता. फक्त फार लांब, क्षितिजावर, तिळाएवढा. त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत थोडा अलीकडे. गेलं वर्षभर जगभरातले लोक ड्रायव्हर सुधारताहेत, आणि तो चालत येतोय.

हे लिहून वाचलं आणि स्वतःलाच हसले. थकलेय. आकृतीचा आकार मोजण्यात ड्रायव्हर गफलत करत असणार.

जुलै १५

ओस्मोनं लागोपाठ नव्या आवृत्त्या पाठवल्या. मी लावत गेले. दुसरं काय करणार, आम्हा लोकांना दुखण्यावर एकच औषध माहीत, नवी आवृत्ती. आता तो ओढ्याच्या अलीकडे आहे. चेहरा नाही, पण पुढची बाजू आपल्याकडे आहे, एवढं कळतं. मला तो बघवत नाही, खरं सांगते.

डॅडच्या संगणकावरून गेम काढून टाकते म्हटलं, तर भडकलाच. म्हणाला, देवानं एकदा पाय काढून घेतले, आता तू घे. मग हळूच म्हणाला, राहू दे गं, बिचारा एकटाच आहे, मीही एकटाच, जातो आमचा वेळ. मी दिवसभर शेजारच्या खोलीत असते, तरी तो एकटा.

जुलै १७

सुटला गुंता! आजच्या आवृत्तीत आकृती नाही. सगळे डोंगर पालथे घातले, धारा, ओढा, माळ, कुठेही नाही. ओस्मोला ‘बरं झालं’ कळवलं, ब्रॉनविनला अहवाल दिला. गेम याच ड्रायव्हरसकट बाहेर पडणार म्हणाली, वर शाबासकीही दिली. तीच आवृत्ती मी स्वतःच्या हातानं डॅडच्या संगणकावर लावली. बेकरीतून शिंपल्यांचं सारण भरलेल्या स्कॅलप पेस्ट्र्या आणल्या, बिअर फोडली. डॅड म्हणाला, गेला का माझा दोस्त? म्हटलं, गेला.

जुलै १९

डॅड गेममध्ये चालतो आणि थांबतो. काय झालं विचारलं, तर म्हणाला, पाळीवरून परतताना मागून कोणी येत असलं की जसं वाटायचं, तसं वाटतं. मी त्याची थट्टा केली. करायला नको होती.

मग ओस्मोचं पत्र आलं. नेहमीपेक्षा लांब. म्हणे, तू बरं झालं म्हणतेस, पण मी त्या भागाला हातच लावलेला नाही. तुझ्या खेळाची तू पाठवलेली नोंद इथे चालवून पाहिली. ती आकृती अजून हिशेबात आहे. कार्ड ती काढत नाही, इतकंच. कारण ती आता कॅमेऱ्याच्या मागे आहे.

मी लगेच गेम उघडून गर्रकन वळले. काही नाही. पुन्हा वळले. मी वळते तसा तोही वळतो.

जुलै २०

तळ्याचं सुचलं. पाण्यात प्रतिबिंब पडतं, आणि प्रतिबिंबात मागचंही दिसतं. गेममध्ये आपल्याला शरीर नाही, तेव्हा काठावर उभं राहून खाली पाहिलं, तर नुसतं आभाळ दिसायला हवं.

आभाळ होतं. आणि माझ्या खांद्याच्या जागेवरून वाकून कोणीतरी पाण्यात बघत होतं.

ओस्मोला तीनदा लिहिलं. उत्तर नाही. ब्रॉनविनला फोन केला, गेम थांबव म्हटलं. ती म्हणाली, मेरिन, दोन दिवस सुट्टी घे.

जुलै २१

डॅडच्या संगणकावरची आवृत्ती काढून जुनी लावायला गेले. पडदा काळा. लिनक्सवाल्याला काळा पडदा म्हणजे रोजचंच, हजारदा पाहिलाय. पण आज त्या काळ्या काचेत खोली दिसली. मी, खुर्चीतला डॅड, मागची भिंत. आणि भिंतीच्या पुढे —

वळून पाहिलं. भिंतच होती.

डॅड म्हणाला, मेरिन, मानेवर फुंकर कशाला घालतेस. मी त्याच्या समोर बसले होते.

दोन्ही संगणकांच्या वायरी उपटल्या. मागच्या अंगणात पावसात नेऊन टाकले.

जुलै २२

काही फरक नाही. मी स्वयंपाकघरात टोस्ट भाजत होते. डॅड त्याच्या खोलीतून ओरडला, किती वेळ मागे उभी राहणार आहेस, बस की बाई. आवाजात हसू होतं. धावत गेले. एकटाच होता. मी आल्यावर त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडे. त्याचा चेहरा पांढरा झाला. माझा बाप खाणीत दरड कोसळली तेव्हाही घाबरला नव्हता.

बर्नी गावाला टॅमसिनताईकडे जायला निघालो. त्याला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, गाडी सुरू केली. डॅड अगदी हळू म्हणाला, मागे बसलाय त्यालाही पट्टा लावायला सांग. मी आरशात पाहिलं —

घरी परत. अशा आरशासकट त्या घाटातून मी डॅडला नेऊ शकत नाही. टॅमसिनला फोन केला. उद्या दुपारपर्यंत येते म्हणाली. तोवर त्याला सांभाळायचं. फक्त उद्या दुपारपर्यंत.

जुलै २३

उपाय सापडला. साधाच. त्याला ‘मागे’ लागतं ना, मग मागची जागाच ठेवायची नाही. डॅडच्या खोलीत दोन स्टुलं, पाठीला पाठ लावून. डॅडच्या मागे मी, माझ्या मागे डॅड. मधे बोट शिरणार नाही. डॅड म्हणाला, खुबे मोडले, आता पाठही मोड. पण बसला.

सकाळपासून असेच आहोत. काही झालेलं नाही. मी मांडीवर वही घेऊन लिहितेय, कारण खिडकीच्या काचेकडे बघायचं नाहीये. डॅड मघापर्यंत डोंगराच्या गोष्टी सांगत होता, धुक्यात वाट चुकल्याच्या, आई चिडल्याच्या. किती वर्षांनी असे बसलोय. त्याची पाठ माझ्या पाठीवर, त्याचा श्वास मला कळतो. सुटलो बहुतेक. टॅमसिन आली, की तिला सगळं —

आता बोलत नाही. डुलकी लागली असेल. श्वास संथ आहे. पाठ जरा गार लागतेय, शाल आणायला हवी, पण उठायचं नाही. उठायचं नाही.

स्वयंपाकघरातून हाक आली. डॅडची. चहात दूध घालू का विचारतोय. म्हणतोय, मघाशीच उठलो गं, पाय अवघडले होते, तू लिहिण्यात गढली होतीस, तुला पत्ताच —

माझ्या पाठीला पाठ आहे. श्वास घेतेय.

डॅड, बाहेर जा. इकडे येऊ नकोस. अंगणात जा, रस्त्यावर जा, टॅमसिनची गाडी —

ओरडायला तोंड उघडतेय, पण मागची पाठ आता वळ