तळटीपेतलं जायफळ

११ जानेवारी २०२५
लॅबमध्ये आमच्या नायलॉनचा एकविसावा तुकडा वाकवला, पिळला — तुटला नाही! सर चक्क हसले. घरी मात्र कोणाला कौतुक नाही. बाबा इंग्रजी कोशात डोकं घालून बसलेत. काय चाललंय म्हटलं तर, "तुला कशाला नसत्या चौकशा?"

३ मार्च
सरांनी टेबलावर काय टाकावं? आमच्या इथल्या मराठी मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका! २०२२ ची, माझा लेख असलेली. एका कंपनीने आमच्या पेटंटला हरकत घेतलीय — अर्जाच्या तीन महिने आधीच सगळं छापून आलंय म्हणे. छापलं की शोध नवा राहत नाही. "रुचा, आपने ख़ुद छाप दिया!"

छापलं खरं. बाबा संपादक, चार पानं रिकामी, हात धुऊन मागे लागले. मराठीत लिहायचं म्हणून माझाही हात सैल सुटला. काशीत मराठी घरं ती किती, वाचणार कोण! एरंडेलाचं नायलॉन करताना पाणी सुटतं, ते निघालं नाही तर माल ठिसूळ. सगळे त्यासाठी मोठाले पंप लावतात. मी क्षार दोनदा घालते — अर्धा आधी, अर्धा दाट झाल्यावर; पंप लागतच नाही. पुरण आटवतो तसं, असंही वर लिहिलं! सहा वर्षं खपून सापडलेली गोष्ट तिळगुळासारखी वाटून टाकली. मूर्ख! शतमूर्ख!

४ मार्च
बाबांना सांगितलं नाही.

७ मार्च
हरकतीला लेखाचा इंग्रजी अनुवाद जोडलाय. कोणी केला? मला एकच नाव सुचलं — ओजस. आमच्याच लॅबमधला, घरचा मराठी, गेल्या वर्षी त्याच कंपनीत लागला. फोनवर वाट्टेल ते बोलले त्याला. रडकुंडीला आला बिचारा. "रुचाताई, आईची शपथ, मैंने नहीं किया!"

मग अनुवाद वाचला. काय सुरेख केलाय, मेल्याने! पुरणाला तर तळटीप — हरभऱ्याची डाळ, गूळ, शेवटी जायफळ. वेलदोडा मुळीच नाही, अगदी आमच्या घरी करतात तसं.

पण लेखात मी जायफळाचं नावही काढलं नव्हतं. कंपनीला कुठून कळलं?

९ मार्च
वकिलांकडून उरलेली पानं आली. शेवटच्यावर अनुवादकाची सही. बाबांची.

कागद तसेच हातात घेऊन आत गेले. तोंड उघडणार, तोच बाबा खुर्चीतून उठले. "आला वाटतं छापून! पौषात पुण्याचे एक गृहस्थ आले होते गं. लेख फार आवडला म्हणाले, इंग्रजीत हवा, परदेशी जाईल. म्हटलं, तुला एकदम दाखवू. बघू, बघू — तुझं नाव नीट छापलंय ना?"

म्हटलं, "हो बाबा. नीट छापलंय."