क्लोरीन : दीड

१४ एप्रिल, सकाळी ६
आजपासून लातूरच्या आमच्या तरण तलावाचा इनचार्ज मी. संकल्प : दिवसातून तीनदा क्लोरीन तपासायचं, रजिस्टरमध्ये दिसेल तेच लिहायचं. बायकोला, सिंधुला सांगितलं. ती म्हणाली, आधी पोहायला शिका. तो विषय वेगळा.

१७ एप्रिल
टेस्ट किटमधले थेंब संपले. मागणीचा अर्ज उद्या. तोवर वासावरून कळतंच. लिहिलं : दीड, नियमात हवं तेवढंच. दुपारी दीड. संध्याकाळी दीड. अक्षर सुंदर आलं.

१९ एप्रिल
एका लेकरानं पाण्यात शी केली. नियम असा की सगळ्यांना बाहेर काढा, तलाव बंद ठेवा, क्लोरीन वाढवा. पण बॅच फुल्ल, ऊन बेचाळीस. जाळीनं काढली, दोन मुठी पावडर टाकली, दहा मिनिटांत शिट्टी, पोरं परत पाण्यात. याला मॅनेजमेंट म्हणतात. घरी सांगून हसलो.

३ मे
चार पालकांचे फोन. पोरांना जुलाब. मी म्हणालो, आंब्याचे दिवस आहेत. पाचवा फोन उचलला नाही.

५ मे
पाणी तपासणीच्या लॅबमधून बुशरा मॅडम आल्या. न कळवता. हे बरोबर नाही. नमुना घेतला, थेंब टाकले. रंग आलाच नाही, म्हणजे क्लोरीन शून्य. मी म्हणालो, उन्हानं उडालं असेल. त्यांनी रजिस्टर मागितलं. दीड, दीड, दीड. पान उलटलं. उद्या, परवा, तेरवा : दीड. (घाई नको म्हणून मी आठवडा आधीच भरतो.)
त्या म्हणाल्या, "शेषेराव, आज पाच तारीखच हाय ना?"
आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं.

९ मे
तलाव बंद. पाण्यात जिआर्डिया सापडला. शीतून पाण्यात उतरणारा, पोटात घर करणारा परजीवी. डोळ्यांना दिसत नाही. मग मला कसा दिसणार? सिंधु म्हणाली, ते जाळीचं तुम्ही हसत सांगितलं होतं. जेवण गेलं नाही.

११ मे
दवाखान्यात गेलो. शिलाई मशीन दुरुस्त करणारे मकबूलभाई, त्यांची आठ वर्षांची नात ॲडमिट. आजार तलावाचा नाही, हे समजावायला गेलो होतो. मकबूलभाई उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, तुम्ही सोता आलात, लई झालं. तुमचं पाणी साफ, म्हणूनच पोरीला पाठवून राहिलो होतो." पोरीचे डोळे खोल गेलेले. हाताला सलाईन. काळजी घ्या म्हणालो. शहाळं ठेवलं आणि जिन्यानं पळालो. लिफ्ट होती.

१२ मे
ठरलं. उद्या खरं सांगणार.

१३ मे
डोकं दुखतंय. शिवाय अशा गोष्टी दवाखान्यात सांगू नयेत.

१५ मे
पोरीला घरी सोडलं म्हणे. आता निमित्त उरलं नाही.

१६ मे, सकाळी ११
मकबूलभाईंच्या घरी गेलो. वाक्य पाठ केलं होतं : चूक माझी, मी तपासतच नव्हतो. दारातच ते म्हणाले, बुशरा मॅडम काल येऊन समदं सांगून गेल्या. माझं वाक्य तोंडातच राहिलं. नात चित्र काढत बसली होती. मान वर करून बघितलं, पुन्हा खाली घातली.
मकबूलभाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा. पाणी घेता? उकळलेलं हाय."
टोमणा नव्हता. अख्खा ग्लास प्यायलो. माफी मागायची राहिली.