किलोभर दाण्यांचा दाखला

१२ मार्च
प्रयोगशाळा, दुपार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी ठणठणीत आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, कारखान्याचा जिना दिवसातून चार वेळा चढायची हौस आता पुरे झाली.

इकडे रंगकाम झालं. नमुन्यांच्या कपाटाला कुणा रसिकानं गुलाबी रंग दिलाय. आत बुरशी आणि विषं, बाहेरून मिठाईचं दुकान. साहेब खूश आहेत.

गेल्या महिन्यातल्या परदेशातल्या बैठकीबद्दल तुला फोनवर रंगवून सांगितलंच होतं. बावीस देशांची माणसं आणि विषय एकच, शेंगदाण्यातलं बुरशीचं विष. ते हजारो दाण्यांतल्या एखाद्यातच असतं, म्हणून शेकडो पोत्यांतून मूठ मूठ घ्या, दळून एकत्र करा, मगच तपासा, असं मी तीन दिवस घसा कोरडा करून सांगितलं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, हेही म्हणाले. दुभाष्याला घाम फुटला, पण नियम मंजूर झाला.

एक गोष्ट मात्र तिथे कुणाला सांगितली नाही. बैठकीला निघायच्या आदल्या आठवड्यात तू तुझ्या कारखान्यातले किलोभर दाणे घेऊन घरी आला होतास. निवडलेले, एकसारखे. "बघ गं जरा, जहाज शुक्रवारी सुटतंय," म्हणालास. मी तपासले, स्वच्छ निघाले. आणि त्या एका किलोवर मी चारशे पोत्यांचा दाखला सही करून दिला. दुसरा कुणी असता तर दारातूनच परत पाठवला असता. तू होतास, म्हणून चहा केला.

आज सकाळी शेजारणीचा फोन आला. दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेतली बाई; बैठकीत माझ्या शेजारी बसते म्हणून मी तिला शेजारीण म्हणते. तिच्या बंदरात तुझा माल उतरला. विष मर्यादेच्या पाचपट. ती म्हणाली, "दाखल्यावर तुझी सही आहे. पाठवणाऱ्याचं आडनावही तुझंच. सगळ्या देशांना इशारा पाठवायचाय. उद्यापर्यंत थांबू का?"

मी म्हटलं, थांबू नकोस. वर हेही सांगितलं, की त्या चारशेतली शंभर पोती तिसऱ्या एका देशात लहान मुलांचा खाऊ बनवणाऱ्या कारखान्याकडे गेली आहेत. ते तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस.

तुझा राग आला नाही. बाबाही गिऱ्हाईकाला वानगी निवडूनच दाखवायचे. तू तेच केलंस. लाज माझी मला वाटते, आणि फार वाटते. नियम मंजूर व्हायच्या आधीपासून मला तो ठाऊक होता. कारखाना बंद पडेल, दाणे निवडणाऱ्या साठ बायका घरी बसतील, माझी नोकरी बहुधा जाईल. हे सगळं मोजून पाहिलं. तरी त्या शंभर पोत्यांवरून माझं मन दुसरीकडे जाईना.

फोन केला असता तर तू "अगं, एकच दिवस" म्हणाला असतास आणि मी विरघळले असते. म्हणून इशारा तीन वाजता सगळीकडे गेल्यावरच हे लिहायला बसले. पत्र पोचेपर्यंत अधिकारी तुझ्या दारात येऊन गेलेले असतील. मी माझा जबाब लिहून दिलाय: किलोभर दाणे भावानं आणून दिले आणि बहिणीनं न विचारता सही केली. तूही तेच सांग, दादा. तुझा जबाब वेगळा निघाला, तर तो खोटा आहे हे सिद्ध करायला मलाच बोलावतील, आणि मी येईन.

तुझी धाकटी