यमुनाकाकींच्या गुडघ्यातली बुरशी

३ मार्च
कुंभिवलीच्या यमुनाकाकी पुन्हा दवाखान्यात. गुडघ्यातलं पाणी तिसऱ्यांदा काढलं. लॅबवाला म्हणतो, पाच दिवसांत त्यात कुठले जंतू उगवले नाहीत की आम्ही टाकून देतो. म्हटलं, या वेळी महिनाभर ठेव बाबा, हात जोडतो. गुडघा सुजून आठ महिने झाले. आधी मी वात म्हणालो, गुडघ्यात दोनदा स्टिरॉइड दिलं. मग टीबीच्या गोळ्या. नुसता अंधारात...

२६ मार्च
उगवली. बुरशी! मातीतली, काट्याबरोबर आत शिरणारी. काकींना विचारलं, कधी काटा गेला होता?
"करवंदीचा गेलेला की, कुंपन घालताना. तवा तुमी इचारलंच नाय."
नाही विचारलं. वर स्टिरॉइड देऊन बुरशीला खतपाणी घातलं. स्वतःचाच संताप येतोय.

९ एप्रिल
पनवेलच्या सर्जनने सांधा धुऊन दिला. बुरशीच्या कॅप्सूल मी लिहून दिल्या, निदान सहा महिने. सर्जन म्हणाला, औषध लागू पडलं नाही तर पाय कायमचा सरळ जखडावा लागेल. काकींचं एकच: "भाताच्या लावनीला वाकता येईल ना, डॉक्टर?"
बघू म्हणालो.

११ जून
सूज जैसे थे. डोकं फिरलं. भर दवाखान्यात काकींवर ओरडलो, गोळ्या चुकवता तुम्ही. लेक म्हणाली, "एक पन नाय चुकवली तिनं. घरी येऊन डबा बघा."

१२ जून
गेलो. डब्यात सगळं चोख. सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी, खाल्ल्यावर कॅप्सूल. चिठ्ठीवर अक्षर माझं. वीस वर्षं प्रत्येक चिठ्ठीत हात आपोआप गॅसची गोळी लिहितो. नाही लिहिली तर पेशंट मागून घेतात. ती गोळी पोटातलं आम्ल मारते, आणि ही कॅप्सूल अंगी लागायला आम्लच लागतं. म्हणजे दोन महिने एका गोळीने दुसरी वाया घालवली, तीही माझ्याच सांगण्यावरून. चहा न घेताच निघालो.

१३ जून
सर्जनला फोन केला. गॅसची गोळी बंद, सहा आठवडे वाट बघायची, मग पाय जखडायचा का ते ठरवू म्हणाला. पुन्हा कुंभिवली. काकींना सांगितलं, चूक माझी.
"मंग परवा चारचौघांत मला बोललात त्ये?"
माफी मागितली. त्या गुडघा चोळत बसल्या.
"औंदाची लावनी गेली. फुडल्या साली वाकंन का मी?"
आज ‘बघू’ म्हणायची हिंमत झाली नाही.