कुळात न बसलेला मासा

सोमवार, ३ तारीख
सगळ्यात आधी आल्या त्या उंच बाई, दुधाच्याही आधी, आणि मागोमाग दोघे गप्प पुरुष. मला या घरी येऊन दोनच दिवस झालेत, तरी दारात पाहुणे. लेक पहाटेच कामावर गेली होती. तिला माशांच्या इमारतीत नोकरी लागली, म्हणून सहा वर्षांच्या नातीला सांभाळायला मी आले. वहीपण नातीचीच. चौथीपर्यंत शिकलेय, चुकलं तर चुकलं.

लेकीचं काम ऐकून हसूच येतं. समुद्राच्या तळाशी, जिथे ऊन पोचत नाही, तिथला एक काळा मासा जाळ्यात आलाय, डोळे बशीएवढे. त्याचे दात मोजा, परांचे काटे मोजा, मग कूळ ठरवा. सोयरीक जुळवतानाही कुणी एवढं खोदून विचारत नाही. कुठल्याच कुळात बसला नाही, तर नवं नाव देतात आणि तो एक मासा बाटलीत कायमचा ठेवतात.

पाहुणेही मोजणारेच. मी समजले, लेकीच्या ऑफिसातले असणार. त्यांनी नातीची उंची घेतली, बोटं मोजली, दात मोजले. पोर चुळबुळ करत होती, मीच धरून ठेवली. अशी दुसरी शोधून सापडायची नाही, असंही वर सांगितलं.

गुरुवार, ६
परत आले. चहा नको म्हणाले, मीठ घातलेलं पाणी मागून प्यायले. बाहेर कोरडं ऊन, पण हात ओले. बाईंनी नातीचं चित्र काढलं, एका बाजूने, हुबेहूब. केसांची बटही नेली. नातीचं कौतुक कुणाला नको असतं? फक्त एक, तिघांच्याही पापण्या लवताना दिसल्या नाहीत.

शनिवार, ८
लेकीला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. असं कुणी ऑफिसात नाहीच म्हणे. मला रागावली नाही, तेच जास्त लागलं.

सोमवार, १०
कडी लावून बसले होते. फटीतून बाई शांतपणे बोलल्या, "तुमच्याकडे आमचं एक आहे. आम्हीही एकच ठेवतो."
बुधवारी येतो म्हणाल्या.

मंगळवार
लेक मासा परत मागायला गेली — साहेब हसले — नाव छापून गेलं, आता बाटली जागची हलायची नाही —

बुधवार
लेक त्या बाटलीच्या कपाटाचं कुलूप फोडायला गेलीय. अजून नाही आली. नात माझ्या कुशीत — उंबऱ्याखालून पाणी येतंय, खारट — मापं मीच घेऊ दिली, मीच — त्यांनी सांगितलेला वार आजचाच, बुध